एपेक्स सील पुन्हा पुन्हा तुटतंय? नवं मागवण्याआधी जुनं नीट बघा

रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी तीन टोकांचा रोटर फिरतो. त्याच्या प्रत्येक टोकाला बसवलेली, बाहेरच्या कवचाला, म्हणजे हाउसिंगला, घासत जाणारी पट्टी म्हणजे एपेक्स सील. तक्रार नेहमी एकाच चालीची असते. इंजिन उघडलं, सील बदललं, पहिल्यापेक्षा महागातलं टाकलं, काही महिने गाडी झकास पळाली आणि मग परत तेच: एका रोटरचं कॉम्प्रेशन गेलं, आयडलला गाडी लंगडते, गरम झाली की सुरूच होत नाही. आणि शेवटी प्रश्न येतो, ‘आता याहून भारी सील कुठलं?’

माझं वर्कशॉप म्हापशाला. रोटरीवर हात बसला तो आखातात नोकरीला असताना. गोव्यात ही इंजिनं बोटांवर मोजण्याइतकी, पण जी आहेत ती फिरून फिरून माझ्याच बाकावर येतात. बहुतेक सगळी माझदाची १३बी, टर्बोवाली. ती उघडून उघडून माझं मत असं झालंय की सील निवडताना आपण फक्त एवढंच ठरवतो, की आत धडाका (डेटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम फुटणं) झालाच तर मार कुणी खायचा: सीलनं, हाउसिंगनं, की रोटरनं. धडाका होणार की नाही, ते सीलच्या हातात नसतं. म्हणून एकाच गाडीत दुसऱ्यांदा सील तुटलं असेल तर कॅटलॉग मिटून ठेवा.

गेलंय ते सीलच आहे का?

सुरू होत नाही म्हणजे सील गेलं असं नव्हे. थंड गाडी अंगणातून शेडमध्ये घेतली आणि लगेच बंद केली, तर आत राहिलेलं पेट्रोल हाउसिंगवरची तेलाची फिल्म धुऊन टाकतं. मग कॉम्प्रेशन एवढं पडतं की इंजिन मेलंय असंच वाटतं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, प्लग काढा, स्टार्टर मारून आतलं पेट्रोल बाहेर फेकू द्या. खालच्या, म्हणजे लीडिंग प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडा, हातानं फिरवा, कोरडे प्लग लावा. उघडायला म्हणून टोचन करून आणलेल्या गाड्या यावर सुरू होऊन स्वतःच्या चाकांवर घरी गेलेल्या आहेत.

त्यानंतर कॉम्प्रेशन. रोटरीचा खास टेस्टर इथे मिळणं कठीण, पण साध्या गेजवर काम भागतं. गेजच्या नळीतली वन-वे व्हॉल्व्हची पिन काढून टाका म्हणजे काटा एका जागी अडकून न राहता उड्या मारेल. इंजिन गरम असावं, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी पूर्ण चार्ज. मोबाईलवर स्लो-मोशनमध्ये काट्याचा व्हिडिओ घ्या आणि मग निवांत बसून बघा. एका रोटरचे तीन चेंबर, म्हणून तीन-तीन उड्यांचा ठेका दिसतो. माझदाच्याच आरएक्स-८ गाडीच्या रेनेसिस इंजिनाला २५० आरपीएमवर कमीत कमी ६.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवं आणि तीन चेंबरांतला फरक १.५ किलोच्या आत हवा. टर्बो १३बीचं कॉम्प्रेशन मुळात कमी असतं, त्यामुळे तिथे आकड्यापेक्षा तिन्ही उड्या एकमेकींशी जुळतात का हे जास्त बघायचं.

ठेक्यात दोन उड्या बुटक्या आणि एक उंच दिसली तर एक एपेक्स सील गेलं. कारण प्रत्येक सील दोन शेजारच्या चेंबरांच्या मधे बसतं. ते गळायला लागलं की दोन्हीकडचं प्रेशर जातं. एकच उडी बुटकी असेल तर आधी साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या सपाट बाजूंवरच्या सीलवर, संशय घ्या. तिन्ही सारख्याच बुटक्या असतील तर बॅटरी, धुतलेली फिल्म, कार्बननं खाचेत अडकलेली सीलं किंवा झिजलेलं हाउसिंग, या क्रमानं बघा. कार्बनवर एक स्वस्त उपाय करून बघण्यासारखा आहे: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लीडिंग प्लगच्या भोकातून सोडायचं, शाफ्ट थोडा थोडा फिरवत रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी सुरू केल्यावर एवढा धूर होतो की शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

त्या दोन मिलिमीटरच्या पट्टीवर काय गुदरतं

थोडं गणित करूया, म्हणजे पुढचं पटेल. १३बीचा रोटर ८० मिमी रुंद आहे. १९८६ नंतरचं सील २ मिमी जाड, नवं असताना ८ मिमी उंच. बिडाचं असेल तर वजन नऊ-साडेनऊ ग्रॅम. एक्सेंट्रिक शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ९००० आरपीएमवर असताना रोटर त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३००० वर फिरतो, आणि सीलचं टोक हाउसिंगच्या क्रोमवर ताशी १२० किलोमीटरच्या आसपास सरासरी वेगानं घासत असतं. घासताना ते सरळ उभंही नसतं, दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंशांपर्यंत कलत राहतं.

हाउसिंगचा आकार मधे किंचित आवळलेल्या लंबगोलासारखा. त्याच्या लांब टोकांशी त्याच नऊ ग्रॅमच्या सीलला बाहेर फेकणारा जोर २० किलोच्या वर जातो, आणि मधल्या कमरेशी जोराची दिशाच उलटते: सील भिंतीपासून सुटून आत जाऊ बघतं. तिथे त्याला धरून ठेवतात ती खालची पातळ स्प्रिंग आणि खाचेतून सीलच्या मागे शिरणारा गॅस. स्पार्क प्लग याच कमरेच्या आसपास आहेत. म्हणजे सीलची पकड जिथे सगळ्यात नाजूक, तिथेच आग लागते.

साठच्या दशकात हिरोशिमात माझदाचे इंजिनिअर केनिची यामामोतो यांच्या टीमला याच पकडीनं छळलं होतं. सील थरथरायचं आणि हाउसिंगवर आडव्या लाटा उमटायच्या; ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणायचे ते त्यांना. सील अधिक कडक करून तो प्रश्न सुटला नाही. टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून थरथरण्याची वारंवारिता बदलली तेव्हा ओरखडे थांबले, आणि १९६७ च्या कॉस्मो स्पोर्ट गाडीत गेली ती अॅल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सीलं. कार्बन तर बिडापेक्षा कितीतरी मऊ. कडक म्हणजे टिकाऊ असं समजणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून ऐकवतो.

तुकडे फेकू नका

जुनी सीलं भंगारात टाकून नवी बसवणं ही या कामातली सगळ्यात वाईट सवय. प्रत्येक सील कुठल्या रोटरच्या कुठल्या टोकाचं ते मार्करनं लिहून ठेवा. मग पेट्रोलनं धुवा, पांढऱ्या कापडावर मांडा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या.

पेडण्याच्या एका मित्राच्या आरएक्स-७ चे तुकडे काडेपेटीतून आले होते. मागचा रोटर, दुसऱ्यांदा. मधे एका गॅरेजनं ‘अजून कडक’ म्हणून महागडी सीलं घातली होती. मोठ्या तुकड्याची उंची मायक्रोमीटरवर ७.९ मिमी भरली. नव्याची ८, बाद करायची मर्यादा ६.५. म्हणजे झीज जवळजवळ नव्हतीच. टोकाकडचा कोपरा मात्र तिरका उडालेला, तुटलेली कड राखाडी, खरखरीत, साखरेच्या कणांसारखी. त्या कडेवर कुठेही घासून चकाकी आलेली नव्हती. म्हणजे एकाच फटक्यात तुटलं आणि लगेच एक्झॉस्टमधून बाहेर गेलं. जाताना टर्बाइनच्या पात्यांना कुरतडून गेलं ते वेगळं. रोटरच्या खाचेचे ओठ त्या टोकाशी फाकलेले होते, फीलर गेज सरळ आत जात होता.

हे डेटोनेशन. दुसरं काही नाही. न झिजलेलं सील तुटलं तर सीलच्या दर्जावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

इतर खुणाही ओळखता येतात. सील काचेवर आडवं ठेवून मागून टॉर्च धरा. मधून उजेड दिसला तर ते वाकलंय. स्टीलची सीलं मार खाल्ला की अशी वाकतात. टोकाची धार निळसर झाली असेल तर तेल कमी पडलंय. दोन्ही बाजूंच्या अंगावर पायरी पडली असेल तर खाच सैल झाली: सील आणि खाच यांच्यातली फट साधारण ०.०६ ते ०.१० मिमी हवी, ०.१५ च्या पुढे तो रोटर तसाच परत बसवू नये. उंची मधे एक आणि टोकांना एक भरली तर हाउसिंगच सपाट राहिलेलं नाही. आणि हाउसिंगच्या कडेला क्रोमचे पोपडे सुटलेले असतील, नखाला लागत असतील, तर जगातलं कुठलंही सील त्यावर टिकणार नाही. तिथे पैसे हाउसिंगवर घाला.

मग डेटोनेशन आलं कुठून?

पिस्टन इंजिन नॉकिंगला लागलं की कानाला कळतं, घाटात टकटक ऐकून माणूस पाय उचलतो. रोटरीत आवाज ऐकू येईपर्यंत बहुधा सील गेलेलं असतं.

त्या पेडण्याच्या गाडीचा ईसीयू मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं, किती इंधन आणि ठिणगी कधी याचं टेबल) आखातातला होता, ९८ ऑक्टेनच्या शुद्ध पेट्रोलवर बसवलेला. इथे टाकीत जातं ते २० टक्के इथेनॉलचं. लोक इथेनॉलला सरसकट शिव्या घालतात, ते मला पटत नाही. इथेनॉल स्वतः नॉकिंगला विरोधच करतं. पण त्याला हवा कमी लागते, किंवा उलट सांगायचं तर तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७, निव्वळ इथेनॉलचं ९, आणि ई-२० चं साडेतेराच्या आसपास. जुना मॅप तेवढंच लिटर मोजून देत राहतो आणि फुल थ्रॉटलला मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं. साध्या गाडीत हे ऑक्सिजन सेन्सर सावरून घेतो. बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा कोंबत असताना, जिथे ईसीयू डोळे मिटून टेबल वाचतो, तिथे सावरणारं कुणी नसतं. लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण; १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त) ०.७५ वर बसवलेली गाडी ०.८१ वर पळते आणि मालकाला ती उलट जास्त चपळ वाटते.

इथे गेजबद्दल एक सूचना. एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड गेजवर ११.० असा आकडा दिसतो तो पेट्रोलच्या मोजपट्टीवरचा. टाकीत काहीही असो, सेन्सर मोजतो लॅम्डाच. ई-२० आहे म्हणून त्या आकड्यावर पुन्हा डोकं चालवून आकडेमोड करू नका. गेज लॅम्डावर लावा आणि विषय संपवा.

त्याच गाडीत आणखी दोन गोष्टी सापडल्या. एक्झॉस्ट मोकळा केला होता आणि वेस्टगेट, म्हणजे जादा गॅस टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, मूळचंच. एफडीमध्ये, म्हणजे आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीत, हे ठरलेलं दुखणं: वाट मोकळी झाली की छोट्या वेस्टगेटला गॅस आवरत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो. दुसरी गोष्ट, मागच्या रोटरचा एक इंजेक्टर बाकीच्यांपेक्षा कमी पेट्रोल सोडत होता. मागचाच रोटर दोनदा का गेला याचं उत्तर त्यात होतं. एकच रोटर पुन्हा पुन्हा जात असेल तर चारही इंजेक्टर फ्लो बेंचवर (कोण किती पेट्रोल सोडतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) लावल्याशिवाय इंजिन बंद करू नका. फ्युएल प्रेशरही उभ्या गाडीवर बघून उपयोग नाही, बूस्ट असताना वरच्या आरपीएमपर्यंत ते टिकतं का ते लॉगमध्ये बघा.

आणि रस्ता. मोपाच्या बाजूला सपाट सडकेवर दहा सेकंद दाबून ‘लॉग स्वच्छ आहे’ म्हणणारे पुष्कळ. गाडी चोर्ला घाटात चढवा, एप्रिलच्या दुपारी, वरच्या गिअरमध्ये. इंटरकूलर तापून जातो, आत जाणाऱ्या हवेचं तापमान चढत राहतं, आणि टायमिंग तेवढं मागे घेतलं नसेल तर तिथे कळतं. मॅप बसवताना बूस्ट कमीत कमी ठेवून सुरुवात करा आणि लॉग बघत वाढवा. सकाळच्या थंड हवेतला लॉग मी तरी प्रमाण मानत नाही.

आता सीलचं बोलू

हे सगळं निस्तरल्यावर प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

मूळ कंपनीचं बिडाचं सील, टोकाला कडक केलेलं: हाउसिंगशी त्याचं चांगलं जमतं, झीज दोन्हीकडे कमी, आणि नीट ट्यून केलेल्या रस्त्यावरच्या गाडीला तेच पुरतं. दोष एकच. डेटोनेशन झालं की तुटतं आणि तुकडा रोटर, हाउसिंग, टर्बो असा सगळ्यांचा समाचार घेत बाहेर पडतो.

स्टीलची ‘न तुटणारी’ सीलं: यांच्याबद्दल बाजारात दोन टोकं आहेत, देव मानणारे आणि शिव्या देणारे. माझ्या मते ती फ्यूजसारखी वापरावीत. मार बसला की वाकतात, कॉम्प्रेशन जातं, पण तुकडे होत नाहीत आणि रोटर वाचतो. ट्रॅकवर नवीन मॅप शोधत असाल, बूस्ट वाढवत असाल, तर जरूर घाला. किंमत अशी की मऊ सील लवकर झिजतं, काही स्टीलं क्रोमलाही खातात, आणि तेल जास्त मागतात. ती घालून वर्षानुवर्षं गाडी उघडायची नाही असा बेत असेल तर चुकीचं सील घेतलंत.

सिरॅमिक: सिलिकॉन नायट्राइडचं सील बिडाच्या निम्म्याहून हलकं, चार ग्रॅमच्या आसपास. वर सांगितलेला तो २० किलोचा जोर त्याच प्रमाणात घटतो, घर्षण कमी, क्रोमवर माया. १९९१ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बीच्या चार रोटरच्या आर२६बी इंजिनात सिरॅमिकच होतं, आणि हे ऐकून लोक खिसा रिकामा करायला तयार होतात. पण त्या इंजिनाला टर्बो नव्हता. मुक्त श्वास घेणारं, प्रत्येक रोटरला तीन प्लग, ९००० आरपीएमवर चोवीस तास चालणारं इंजिन ते. तिथे प्रश्न झिजेचा होता, डेटोनेशनचा नव्हे. टर्बो गाडीत मॅपची खात्री नसताना सिरॅमिक घालणं म्हणजे सगळ्यात महाग काच फोडायला देणं. टर्बो नसलेलं, पोर्ट मोठे केलेलं, सतत वर फिरणारं इंजिन असेल तर मात्र मी स्वतः सिरॅमिकच सुचवेन.

आणि तीन मिलिमीटर. १९८६ च्या आधी १३बीचं सील तेवढंच जाड होतं. रोटरच्या खाचा रुंद करून ते परत घालता येतं, मार जास्त सोसतं, पण वजनही दीडपट होतं. ताकद वाढवण्यासाठी म्हणून मी ते करत नाही. खाच ०.१५ च्या पुढे फाकली आहे आणि दुसरा रोटर मिळत नाही, अशा वेळी रोटर वाचवायचा तो मार्ग आहे. काम मिलिंगचं आहे, जिग लागतं, आणि तिन्ही खाचा एकमेकींशी जुळायला हव्यात. कुंडईत किंवा वेर्ण्यात चांगले मशिनवाले आहेत, पण रोटर त्यांच्या हातात देताना शेजारी उभे राहा.

सील कुठलंही घेतलं तरी स्प्रिंगा नव्या. स्प्रिंगेत पैसे वाचवणारा माणूस मला कळलेला नाही. नवी सीलं बसेपर्यंत, निदान पहिले हजार-दीड हजार किलोमीटर, बूस्ट टाळा.

तेल आणि पावसाळा

माझदाचा मीटरिंग पंप इंजिन ऑइलच थेंब थेंब हाउसिंगमध्ये सोडतो. तो चालू ठेवा, शिवाय पेट्रोलमध्ये लिटरला पाचेक मिली चांगलं टू-स्ट्रोक ऑइल मिसळा. पंप काढून टाकला असेल तर आठच्या आसपास. ऑइल आधी टाकीत ओता आणि मग पेट्रोल भरा, म्हणजे ते आपोआप ढवळलं जातं. इथेनॉलचं पेट्रोल ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल त्या पाण्यासकट खाली बसतं. म्हणून जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका: एक तर पूर्ण भरा, नाहीतर रिकामी करा.

किनाऱ्याजवळ ठेवलेल्या इंजिनाच्या बिडाच्या साइड प्लेटांवर एका पावसाळ्यात तांबेरा चढतो, आणि चतुर्थीच्या आसपास मालकाला गाडीची आठवण होऊन तो थेट स्टार्टर मारतो. तो तांबेरा सुटून सीलखाली पॉलिश पेपरसारखा फिरतो. उभी करण्याआधी लीडिंग प्लगच्या भोकांतून टू-स्ट्रोक ऑइल फवारा, हातानं फिरवून पसरवा, एक्झॉस्टच्या तोंडात तेलकट कापड कोंबा आणि स्टिअरिंगला त्याची चिठ्ठी लावा. आठवड्यातून एकदा पुढच्या पुलीच्या बोल्टावर पाना लावून थोडं फिरवा, फिरण्याच्या दिशेनंच.

बाहेर काढताना स्टार्टरला हात लावण्याआधी मागच्या रोटरचे प्लग काढा आणि पुढच्याचा फक्त वरचा, म्हणजे ट्रेलिंग प्लग. पुन्हा थोडं तेल सोडून पान्यानं फिरवा. शाफ्टच्या प्रत्येक फेरीला पुढच्या रोटरची एक ‘फुस्स’ ऐकू यायला हवी. तीन फेऱ्यांत तिन्ही चेंबर बोलतात. मग तेच मागच्या रोटरला. एखादी फुस्स दबकी आली तर आणखी तेल, आणखी एक रात्र. तिन्ही सारख्या आल्या की प्लग लावा, एक्झॉस्टमधलं कापड काढा आणि मग बॅटरी जोडा.